अडलेल्या बाळंतिणीजवळ माणूस ठेवा : प्रसूतिकक्षांचे नियम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्रसूतिगृहांचे अधीक्षक, प्रसूतितज्ज्ञ, परिचर्या विभागांचे प्रमुख आणि प्रसूतिकक्षात किती माणसे नेमायची हे ठरवणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे परिचारिका म्हणून प्रसूतिकक्षात गेली. हे पत्र एकाच मागणीसाठी लिहीत आहे. कळा नियमित सुरू होऊन गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडले की त्या क्षणापासून ती स्त्री मोकळी होईपर्यंत तिच्याजवळ एक प्रशिक्षित परिचारिका सतत असावी. त्या काळात त्या परिचारिकेवर दुसऱ्या बाळंतिणीची जबाबदारी टाकू नये, आणि प्रसूती अडत आहे असे तिला दिसले तर डॉक्टरांना तातडीने बोलावण्याचा, किंवा स्त्रीला मोठ्या रुग्णालयात हलवण्याची तयारी सुरू करण्याचा, लेखी अधिकार तिला असावा. या मागणीला पैसे आणि मनुष्यबळ लागते, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही ती का टाळता येत नाही, हे सांगण्यासाठी प्रसूती अडते म्हणजे आत काय घडते आणि ते वेळेवर कोणाच्या लक्षात येऊ शकते, हे थोडे सविस्तर मांडावे लागेल. यातले बरेचसे आपणांपैकी डॉक्टरांना पाठ आहे; परंतु ज्यांच्या सहीने माणसे नेमली जातात त्यांतले अनेक जण प्रसूतिकक्षात कधी उभे राहिलेले नसतात, म्हणून त्यांच्यासाठीही लिहीत आहे.

अडण्याची कारणे शिकवताना तीन गोष्टी सांगितल्या जातात : कळांचा जोर, बाळ आणि बाळाची वाट. कळा चांगल्या आहेत असे आम्ही तेव्हा म्हणतो, जेव्हा दहा मिनिटांत तीन ते पाच कळा येतात आणि प्रत्येक कळ चाळीस ते साठ सेकंद टिकते. पहिलटकरणीच्या कळा अनेकदा सुरुवातीला विस्कळीत असतात. रात्रभर जागरण, पोटात अन्नपाणी नसणे, जुळ्यांमुळे किंवा जास्त गर्भजलामुळे ताणलेली पिशवी, पाणमोट फुटून बराच वेळ गेल्यावर झालेला जंतुसंसर्ग, या सगळ्यांनी कळांचा जोर कमी होतो. भीतीनेही होतो. घाबरलेल्या शरीरात ॲड्रेनलिन वाढते आणि ते गर्भाशयाच्या आकुंचनाला आवर घालते, त्यामुळे ओरडून गप्प केलेल्या बाळंतिणीच्या कळा मंदावल्या तर त्यात आश्चर्य नाही.

वाटेचे म्हणाल तर ओटीपोटाची हाडे हा तिचा कठीण भाग. एकोणिसाव्या शतकात औद्योगिक शहरांत मुडदूस फार होता. लहानपणी सूर्यप्रकाश आणि ड जीवनसत्त्व न मिळालेल्या मुलींची हाडे वाकत आणि पुढे बाळंतपणात त्यांची वाट बंद होई. ग्लासगोमध्ये प्रसूतितज्ज्ञ मर्डॉक कॅमेरॉन यांनी १८८८ मध्ये केलेली सिझेरियन शस्त्रक्रिया अशाच एका स्त्रीवर होती. आज मुडदूस पुष्कळ कमी झाला आहे, पण शरीराची वाढ पुरी होण्याआधीच आई होणाऱ्या मुली, ओटीपोटाचे जुने अस्थिभंग, खाली बसलेल्या गाठी ही कारणे आहेतच. याखेरीज दोन साध्या गोष्टी आहेत, ज्या सर्वांत सहज विसरल्या जातात. एक म्हणजे भरलेले मूत्राशय, जे डोक्याला खाली उतरू देत नाही. दुसरी म्हणजे पाठीवर सपाट निजवणे, ज्यामुळे माकडहाड आणि त्रिकास्थी यांना मागे सरकायला जागा उरत नाही आणि गर्भाशयाच्या भाराखाली मोठ्या रक्तवाहिन्या दबतात.

बाळाच्या बाबतीत लोक वजनाचाच विचार करतात. मधुमेही मातांची बाळे मोठी असू शकतात आणि वजनामुळे अडचण येते, हे खरे आहे. परंतु वजनापेक्षा डोके कोणत्या पवित्र्यात येते, यावर अधिक अवलंबून असते. हनुवटी छातीला टेकवून, मागचा भाग पुढे ठेवून डोके उतरले तर त्याचा वाटेत येणारा व्यास सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असतो. तेच डोके थोडे मागे वाकून कपाळ पुढे आले तर हा व्यास साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास जातो. पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोके त्या स्थितीत राहिले, तर सर्वसाधारण ओटीपोटातून ते बाहेर येऊ शकत नाही. चेहरा पुढे आला तर हनुवटी कोणत्या बाजूला आहे त्यावर सगळे ठरते : पुढे असेल तर जन्म शक्य असतो, मागे वळून तशीच राहिली तर नसतो. बाळ आडवे असेल, खांदा वाटेत अडकून हात बाहेर आला असेल, तर कळा कितीही जोरदार असल्या तरी उपयोग नाही, उलट प्रत्येक कळ धोका वाढवते. डोक्याचा मागचा भाग आईच्या पाठीकडे असला की कंबर विलक्षण दुखते आणि प्रसूती लांबते, मात्र अशी बहुतेक बाळे वेळ आणि हालचालीची मोकळीक मिळाली तर आपोआप फिरतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. बुटकी आहे, अंगकाठी लहान आहे, म्हणून 'वाट लहान आहे' असा निकाल कळा सुरू होण्याआधीच देणे बहुतेक वेळा निराधार असते. पूर्वी ओटीपोटाचे क्ष-किरण चित्र काढून मापे घेत. त्यातून सिझेरियन वाढली, आई-बाळांचा फायदा मात्र दिसून आला नाही, म्हणून ती पद्धत मागे पडली. डोक्याची हाडे कळांबरोबर एकमेकांवर सरकतात, ओटीपोटाचे सांधे सैल होतात, बाळ मान वळवते. वाट पुरेल की नाही, हे खऱ्या अर्थाने प्रसूती चालू असतानाच कळते, आणि जवळ बसून पाहणाऱ्यालाच कळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मंदावलेली प्रसूती आणि अडलेली प्रसूती या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मंदावलेल्या प्रसूतीला धीर, आधार आणि कधी कधी कळा वाढवणारे औषध लागते. अडलेल्या प्रसूतीत तेच औषध जीव घेऊ शकते. दाराशी उभे राहून पाहिले तर दोन्ही स्त्रिया सारख्याच दिसतात : दमलेल्या, घामाघूम, 'आता पुरे' म्हणणाऱ्या. फरक हाताला लागतो. जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या, वर पोटावर दोन्ही हातांची बोटे टेकवून बाळाच्या डोक्याचा किती भाग अजून वर लागतो, हे पाच भागांच्या हिशेबात मोजायचे असते. सुरुवातीला चार भाग लागत होते आणि तीन तासांनी दोन लागतात, तर डोके उतरत आहे. तीन तासांनीही चारच लागत असतील, तर थांबून विचार करायला हवा. आतून तपासताना इथे हमखास फसगत होते. दाबामुळे टाळूच्या कातडीवर सूज येते, हाडे एकमेकांवर चढून डोके लांबट होते, आणि तपासणाऱ्याच्या बोटाला डोके अगदी खाली आल्यासारखे लागते, तर पोटावरून त्याचे तीन भाग अजून वरच असतात. ज्याने केवळ आतून तपासले तो म्हणतो, 'झालेच, थोडा जोर लाव.' ज्याने पोटावर हात ठेवला त्याला सत्य कळलेले असते.

इतर खुणाही हळूहळू जमत जातात. हाडे एकमेकांवर इतकी चढतात की बोटाने विलग होत नाहीत. गर्भाशयाचे तोंड सुजते. लघवीत रक्त येते. आईची नाडी तासातासाला वाढत जाते, तोंड कोरडे पडते, ताप चढतो. गर्भाशयाचा वरचा भाग जाड आणि खालचा भाग पातळ होत गेला की पोटावर आडवी खाच दिसू लागते, आणि ती वर वर सरकत असेल तर पिशवी फाटण्याची वेळ जवळ आलेली असते. पहिलटकरणीचे गर्भाशय बहुधा थकून कळा थांबवते. आधी बाळंतपणे झालेलीचे गर्भाशय बहुधा थांबत नाही, फाटेपर्यंत झुंजत राहते. म्हणूनच 'हिचे तिसरे बाळंतपण आहे, होईल सहज' या वाक्याची मला नेहमी धास्ती वाटत आली.

वाट पाहण्यालाही मर्यादा असते, हे इतिहासाने फार महागात शिकवले आहे. इंग्लंडची राजकन्या शार्लट १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे पन्नास तास कळा देत होती; त्यातला दुसरा टप्पा, म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यानंतरचा काळ, जवळजवळ चोवीस तासांचा होता. बाळाचे डोके धरून बाहेर ओढण्याचा चिमटा हाताशी असूनही वापरला गेला नाही. मूल मृत जन्मले आणि काही तासांत तीही गेली. तिच्याजवळ माणसांची कमतरता नव्हती. कमतरता होती ती कधी थांबायचे याच्या निकषाची. तो निकष विसाव्या शतकात तयार झाला. प्रसूतितज्ज्ञ इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४-५५ मध्ये प्रसूतीच्या वेगाचा आलेख काढला आणि पहिलटकरणीच्या सक्रिय टप्प्यात, म्हणजे तोंड वेगाने उघडू लागते त्या काळात, ताशी १.२ सेंटिमीटर ही किमान गती मानली गेली. फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ मध्ये त्यावर आधारित तक्त्यात दोन रेषा काढल्या : एक इशाऱ्याची आणि तिच्यापासून चार तास उजवीकडे दुसरी कृतीची. दूरच्या लहान केंद्रातून स्त्रीला केव्हा हलवायचे हे त्या रेषांवरून ठरवता येऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात, पस्तीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवरून असे दिसले की तक्ता आणि त्याबरोबरचे उपचारांचे नियम लागू केल्यावर अठरा तासांहून लांबलेल्या प्रसूती ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आल्या, आणि कळा वाढवण्याच्या औषधाचा वापर निम्म्याहून कमी झाला.

पुढे या घड्याळाचाच जाच होऊ लागला. ताशी एक सेंटिमीटर ही गती प्रत्येक स्त्रीकडून अपेक्षित धरली गेली, आणि चार सेंटिमीटरवर दोन तास थांबलेल्या, अन्यथा पूर्ण ठीक असलेल्या स्त्रियांची 'प्रगती नाही' म्हणून शस्त्रक्रिया होऊ लागली. झांग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये साठ हजारांहून अधिक प्रसूतींच्या नोंदी पाहून दाखवून दिले की सहा सेंटिमीटरपर्यंत गती बरीच सावकाश असू शकते आणि त्यानंतर ती वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सक्रिय टप्प्याची सुरुवात पाच सेंटिमीटरवर धरली आणि ताशी एक सेंटिमीटरचा आग्रह सोडून दिला. २०२० च्या नव्या तक्त्यात प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मुदत आहे : पाचवर सहा तास, सहावर पाच, सातवर तीन, आठवर अडीच आणि नऊवर दोन. पहिलटकरणीचा सक्रिय टप्पा साधारणपणे बारा तासांपलीकडे जात नाही, आणि जोर लावण्याचा टप्पा तीन तासांत पुरा होतो. आधी बाळंतपण झालेलीसाठी हे आकडे दहा आणि दोन तासांचे आहेत. नव्या तक्त्यात आणखी एक गोष्ट आहे जी मला सर्वांत मोलाची वाटते. सोबतीला माणूस आहे का, बाई पाणी प्यायली का, ती कोणत्या स्थितीत आहे, हे तिथे बाळाच्या ठोक्यांच्या बरोबरीने नोंदवावे लागते, आणि स्त्री पाठीवर सपाट निजलेली असेल तर तीही इशाऱ्याची नोंद ठरते.

आता आपण सारे जो हिशेब टाळतो तो मांडते. सक्रिय टप्प्यात कळा दर अर्ध्या तासाला मोजायच्या असतात, आणि त्या मोजायच्या म्हणजे पोटावर हात ठेवून पूर्ण दहा मिनिटे बसायचे असते. बाळाचे ठोके दर पंधरा ते तीस मिनिटांनी, कळ ओसरत असताना, किमान एक मिनिट ऐकायचे असतात. जोर लावण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी. नाडी, ताप, लघवी, औषधाचे थेंब आणि नोंद लिहिणे हे वेगळेच. एका परिचारिकेकडे तीन स्त्रिया दिल्या, तर अर्ध्या तासातली सगळी तीस मिनिटे केवळ कळा मोजण्यात संपतात. चौथे काम करायला तिच्याकडे एकही मिनिट शिल्लक नसते. मग एकच गोष्ट होते : कळा मोजल्या जात नाहीत, आणि तक्ता बाळ जन्मल्यावर भरला जातो. असे तक्ते ओळखणे सोपे आहे. त्यांतली रेषा इशाऱ्याच्या रेषेला अगदी समांतर, नीटस वर चढत जाते. ठोके सदैव १४०. सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच दमात लिहिलेल्या. तपासणीला येणारे अधिकारी रकाने भरले आहेत का एवढेच पाहतात, आणि म्हणून रकाने भरले जातात. मी त्या परिचारिकांना दोष देत नाही. ज्यांनी एकीवर तीन बाळंतिणी सोपवून अचूक नोंदींची सक्ती केली, त्यांनी खोट्या नोंदीचीच व्यवस्था केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

डब्लिनमधील राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयात कीरन ओ'ड्रिस्कॉल यांनी १९६९ च्या सुमारास लांबणाऱ्या प्रसूती टाळण्याची पद्धत मांडली. प्रसूती सुरू झाल्याचे अचूक निदान, पाणमोट लवकर फोडणे, गती कमी वाटल्यास ऑक्सिटोसिन हे कळा वाढवणारे औषध, आणि प्रत्येक स्त्रीसोबत स्वतःची एक परिचारिका, असे तिचे भाग होते. जगभर तिचे अनुकरण झाले, पण अनेक ठिकाणी औषध उचलले गेले आणि परिचारिका मागे सोडली गेली, कारण औषध स्वस्त होते. नंतरचे पुरावे काय सांगतात ते पाहा. मंदावलेल्या प्रसूतीत ऑक्सिटोसिनने वेळ सुमारे दोन तासांनी कमी होतो, मात्र सिझेरियनचे प्रमाण कमी होत नाही. उलट, बाळंतिणीला सतत सोबत मिळण्याविषयीच्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, २६ चाचण्या आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यात सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियन सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली आणि प्रसूतीही थोड्या लवकर झाल्या. या चाचण्यांत सोबत करणारी कधी परिचारिका होती, कधी प्रशिक्षित सोबतीण, कधी घरचे माणूस. घरच्या माणसाला आत येऊ द्यावेच, त्याला बाहेर उभे ठेवण्यात कोणाचेच हित नाही. पण ते माणूस डोक्याचे किती भाग वर आहेत हे सांगू शकत नाही, म्हणून एकाची भर दुसऱ्याने निघत नाही.

उपचारांविषयी बोलायचे तर पहिले उपचार फारच साधे आहेत. बाईला उठू द्यावे, चालू द्यावे, कुशीवर किंवा गुडघ्यांवर टेकू द्यावे. उभ्या किंवा हालत्या स्थितीत पहिला टप्पा तासाभराहून अधिक कमी होतो, असे चाचण्यांत दिसले आहे. पाणी आणि हलके अन्न घेऊ द्यावे. दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवावे. डोके तासन्तास वर राहिलेल्या, शस्त्रक्रियेसाठी नाव लिहिलेल्या एका बाईचे मूत्राशय रबरी नळीने रिकामे केले, भांडे जवळजवळ भरले, आणि पुढच्या काही कळांतच डोके सरसर खाली उतरले, हे मी स्वतः पाहिले आहे. वेदना असह्य असतील तर एपिड्युरल, म्हणजे कण्याजवळ सुई देऊन केलेले बधिरीकरण, किंवा अन्य उपाय द्यावा. तो मागणे हा दुबळेपणा नाही आणि तो नाकारणे ही शिस्त नाही.

ऑक्सिटोसिनविषयी मात्र मला अधिक थांबून लिहिले पाहिजे. हे संप्रेरक व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले, आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी याच्यासारखे औषध नाही. प्रसूतीच्या आधी मात्र ते केवळ शिरेतून, अतिशय कमी मात्रेने सुरू करून, साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने पायरी पायरीने वाढवायचे असते, आणि दहा मिनिटांत पाचाहून अधिक कळा येऊ लागल्या किंवा बाळाचे ठोके बिघडले की लगेच बंद करायचे असते. कळ येते तेव्हा बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि कळ ओसरली की तो सावरतो. कळांमधली उसंत संपली तर बाळ गुदमरते. शिरेतले औषध बंद केले की त्याचा अंमल काही मिनिटांत ओसरू लागतो. स्नायूत टोचलेले परत काढता येत नाही. म्हणून बाळ जन्मण्याआधी ते स्नायूत टोचणे, किंवा सलाईनच्या बाटलीत घालून थेंब न मोजता सोडून देणे, हे निव्वळ घातक आहे. ज्या स्त्रीला ते सुरू आहे तिच्याजवळून माणूस हलता कामा नये, आणि माणूस देता येत नसेल तर ते सुरूच करू नये. माझ्या या मागणीवर कोणाचा आक्षेप असेल, तर निदान एवढा एक नियम आपण उद्यापासून लागू करू शकता.

पोट वरून दाबणे बंद झाले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने ते करू नये असे स्पष्ट सांगितले आहे, तरीही कोपर किंवा हाताची पूर्ण ताकद लावून बाळ ढकलण्याचे प्रकार घडतात. त्याने फासळ्या मोडतात, गर्भाशय फाटते, आणि डोके बाहेर येऊन खांदा अडकला असेल तर तो आणखी घट्ट रुतून बसतो. खांदा अडकणे हे स्वतंत्र संकट आहे आणि त्यात हातात मोजकी मिनिटे असतात. आईच्या मांड्या पोटाकडे घट्ट दुमडायच्या, जघनास्थीच्या वर, बाजूने दाब द्यायचा, आणि तेवढ्याने सुटका झाली नाही तर आत हात घालून बाळाचा मागचा हात आधी सोडवायचा. हे प्रसूतिकक्षातील प्रत्येकाने बाहुलीवर नियमित सरावले पाहिजे, कारण त्या वेळी पुस्तक उघडायला सवड नसते.

तोंड पूर्ण उघडले आहे, डोके पोटावरून जवळजवळ लागत नाही, आणि बाई दमली आहे किंवा बाळाचे ठोके उतरत आहेत, तर कुशल हातातला व्हॅक्यूम, म्हणजे डोक्याला चिकटवून ओढण्याची वाटी, किंवा चिमटा हा उत्तम उपाय आहे. हे कौशल्य नव्या डॉक्टरांमध्ये कमी होत चालल्याची मला खंत वाटते, कारण त्याची जागा घेणारी, तोंड पूर्ण उघडल्यानंतरची सिझेरियन सोपी नसते : डोके खोल रुतलेले असते, काढताना गर्भाशयाची चीर फाटत जाते, रक्तस्राव अधिक होतो. मात्र डोके वर असताना व्हॅक्यूम लावून ओढणे म्हणजे अडलेल्या बाळावर बळ वापरणे होय. अशा वेळी सिझेरियनच हवी आणि ती लगेच हवी. जगात आज पाचांतल्या एकीहून अधिक स्त्रिया सिझेरियनने बाळंत होतात. तरीही जिला ती अत्यंत गरजेची आहे, अशा अनेकींपर्यंत ती वेळेवर पोहोचत नाही, आणि या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी अनेकदा एकच कारण असते : प्रसूती नीट पाहणारे कोणी जवळ नव्हते, म्हणून कुठे घाई झाली, तर कुठे उशीर.

उशिराची किंमत मृत्यूच्या आकड्यांत पुरती दिसत नाही. अडलेल्या प्रसूतीने गेलेल्या बाईची नोंद अनेकदा रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग अशी होते. ज्या जगतात त्यांतल्या काहींच्या मूत्राशयाची भिंत, डोक्याच्या दीर्घ दाबाने रक्तपुरवठा तुटून, मृत होते आणि काही दिवसांनी गळून तिथे छिद्र पडते. त्यानंतर लघवी सतत झिरपत राहते. जगात दरवर्षी पन्नास हजार ते एक लाख स्त्रियांना हा फिस्टुला होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून प्रसूती फार वेळ अडून राहिली असेल, तर बाळ कसेही जन्मले तरी मूत्राशयात घातलेली लघवीची नळी काही दिवस तशीच राहू द्यावी, आणि लघवी झिरपू लागल्याचे कळताच ती काही आठवडे ठेवावी. लहान आणि ताजे छिद्र अशाने भरून येऊ शकते. घरी जाताना 'लघवी नकळत झिरपते का?' हा प्रश्न प्रत्येकीला विचारला गेला पाहिजे, कारण लाजेने ती आपण होऊन सांगत नाही.

माणसे परवडत नाहीत, हे उत्तर मला अपेक्षित आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की प्रसूती नीट सुरू झालेल्या स्त्रीला एकास एक परिचर्या मिळावी आणि तिच्या इच्छेशिवाय तिला थोड्या वेळापलीकडे एकटे सोडू नये. म्हणजे ही मागणी माझ्या मनची नाही. खर्चाचा विचार करताना टळलेल्या शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातले दिवस, नवजात बाळांच्या मेंदूला झालेली इजा आणि तिच्यापुढचे सगळे आयुष्य हेही हिशेबात धरावे. एकदम सगळीकडे जमणार नसेल, तर ऑक्सिटोसिन सुरू असलेल्या, आधी सिझेरियन झालेल्या आणि जोर लावण्याच्या टप्प्यात असलेल्या स्त्रियांपासून सुरुवात करावी. आणि परिचारिकेने बोलावले म्हणून रात्री यावे लागलेल्या डॉक्टरांनी, प्रसूती अखेरीस सुखरूप झाली असली तरी, तिला 'उगाच उठवलेस' असे म्हणू नये. पुढच्या वेळी ती बोलवायला कचरेल, आणि त्या वेळी उशीर झालेला असेल.

शेवटची विनंती नोंदीची आहे. जिची प्रसूती अडली, तिला घरी जाताना एक कागद मिळावा : तोंड किती उघडले होते, डोके कोणत्या स्थितीत होते, कोणता उपाय केला, सिझेरियन झाली असेल तर गर्भाशयावर चीर खालच्या भागात आडवी आहे की उभी, ती वाढवावी लागली का. 'प्रगती नाही' एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत. चीर खालच्या भागात आडवी असेल आणि अडण्याचे कारण डोक्याची त्या वेळची स्थिती हे असेल, तर पुढच्या बाळंतपणात योग्य देखरेखीखाली नैसर्गिक प्रसूतीचा विचार करता येतो. चीर वरच्या भागात उभी असेल, तर कळा सुरू होण्याआधीच शस्त्रक्रिया ठरवावी लागते. कागद नसेल, तर पुढच्या डॉक्टरांना अंदाजावर निर्णय घ्यावा लागतो.

या मागण्यांवर आपण काय ठरवले, ते लेखी कळवावे, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
प्रसूतिकक्षातील एक निवृत्त परिचारिका